सापाबेडकांच्या वाटेवर : एका छंदाची ओळख

आमच्या नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांतील एका पावसाळी रात्रीची घटना आहे. वसतिगृहातील मुले त्या काळी सतरंज्या अंथरून जमिनीवरच झोपत असत. रात्री अकराच्या सुमारास आरडाओरडा ऐकून आम्ही धावत गेलो, तो भिंतीच्या कडेने हातभर लांबीचा, अंगावर आडवे पांढुरके पट्टे असलेला एक साप सरपटत होता. 'मण्यार!' असे कोणीतरी ओरडले. आम्ही काठी मागवली आणि पुढच्या क्षणी सर्व संपले होते. मुले सुरक्षित राहिली याचे समाधान मानून आम्ही परतलो. सकाळी सहावीतला एक मुलगा खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. हातात वही. म्हणाला, "सर, ती मण्यारच होती कशावरून?"

इतिहासात एम.ए. केलेल्या माणसाला हा प्रश्न कोणी विचारावा, यासारखी दुसरी नामुष्की नाही. पुराव्याशिवाय विधान करू नये, हे आम्हीच वर्गात शिकवत होतो. आमच्याजवळ उत्तर नव्हते. आम्ही त्याला "जा, अभ्यासाला बस" एवढेच सांगितले.

या गोष्टीला वीस वर्षे उलटल्यावर तोच मुलगा, आता वीज मंडळात नोकरी करणारा, दोन मुलांचा बाप, आम्हाला भेटायला आला. गळ्यात कॅमेरा होता. बोलता बोलता त्याने जुनी वही काढली. त्या सकाळी मेलेल्या सापाचे चित्र त्याने पेन्सिलने काढून ठेवले होते आणि खाली तारीख व जागा लिहिली होती. पट्टे मानेजवळ रुंद आणि ठळक, शेपटीकडे पुसट होत गेलेले. डोके चपटे, मानेहून रुंद. "सर, तो कवड्या होता. बिनविषारी." आमच्या हातून झालेल्या चुकीचा एवढा स्पष्ट दस्तऐवज कोणी जपून ठेवला असेल, असे आम्हाला वाटले नव्हते. त्याचा सूर मात्र तक्रारीचा नव्हता. तो आम्हाला आंबोलीला येण्याचे निमंत्रण द्यायला आला होता.

रानातले सरपटणारे प्राणी आणि उभयचर शोधायचे, त्यांना हात न लावता पाहायचे, छायाचित्र घ्यायचे आणि आल्या पावली परत फिरायचे, असा हा छंद आहे. नव्या पिढीतील हौशी मंडळी त्याला 'हर्पिंग' म्हणतात. सरपटणाऱ्या जीवासाठी असलेल्या ग्रीक शब्दावरून तो शब्द आला आहे. पक्षीनिरीक्षणाला आपल्याकडे प्रतिष्ठा आहे. दुर्बीण गळ्यात अडकवून पहाटे निघालेल्या माणसाला कोणी वेडा म्हणत नाही. रात्री बॅटरी घेऊन बेडूक शोधायला निघालेल्या माणसाकडे मात्र लोक अजून संशयाने पाहतात. भारतात सापांच्या तीनशेहून अधिक आणि उभयचरांच्या चारशेहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. सह्याद्रीतील उभयचरांपैकी बहुसंख्य जाती जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. म्हणजे हा ठेवा आपल्या दाराशी आहे आणि आपण त्याला 'किडूक-मिडूक' म्हणत आलो.

मराठी भाषेने मात्र या जीवांकडे दुर्लक्ष केलेले नाही. धामण, दिवड, नानेटी, तस्कर, हरणटोळ, गवत्या, मांडूळ, वाळा, खापरखवल्या, सापसुरळी, घोरपड ही नावे कोणा पंडिताने दिलेली नाहीत. गुरे राखणाऱ्यांनी, लाकडे आणायला गेलेल्या बायकांनी, बांधावर गवत कापणाऱ्यांनी ती दिली. अनवाणी पायांनी रान तुडवणाऱ्यालाच धामण आणि नाग यांतला फरक कळणे भाग होते.

ग्रंथांत मात्र ही माणसे दिसत नाहीत. पॅट्रिक रसेल हा ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतला शल्यवैद्य. कोरोमंडल किनाऱ्यावरील सापांवरचा त्याचा रंगीत चित्रांचा मोठा ग्रंथ १७९६ साली प्रसिद्ध झाला. आपल्या घोणसीला इंग्रजीत आणि शास्त्रीय भाषेत आजही त्याचेच नाव आहे. पुढे १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. तिच्या आठ संस्थापकांत दोन भारतीय होते : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. (डॉ. सखाराम अर्जुन म्हणजे डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील. वाचकांना हा धागा ठाऊक असेलच.) १८८६ पासून संस्थेचे नियतकालिक निघू लागले आणि फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टराने त्यात सापांवर वर्षानुवर्षे लेखमाला चालवली. हे काम मोठेच आहे, त्याबद्दल वाद नाही. परंतु त्या काळच्या अभ्यासाची रीत म्हणजे साप मारायचा, मद्यार्काच्या बरणीत घालायचा आणि चिठ्ठी लावायची. चिठ्ठीवर बहुधा साहेबाचे नाव असे; जिवावर उदार होऊन साप आणून देणाऱ्याचे नसे.

याच काळात सरकार दुसऱ्या बाजूने साप मारण्यासाठी बक्षिसेही देत होते. रत्नागिरी जिल्ह्यात फुरशांवर बक्षीस लावले गेले आणि मेलेल्या फुरशांची संख्या लाखांच्या घरात गेली. तरीही फुरसे संपले नाही. कोकणच्या कातळावर ते आजही आहे. मरण पावणारा शेतमजूरही आहे.

असो. आता आंबोलीकडे वळू.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील सावंतवाडी तालुक्यात, घाटमाथ्यावर वसलेले हे गाव. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आम्ही जूनच्या दुसऱ्या आठवड्यात गेलो. रात्री आठला पावसाने उघडीप दिली आणि आम्ही निघालो : गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट, जाड विजार, दोन बॅटऱ्या आणि आमच्या हातात सवयीने घेतलेली काठी. आमच्या विद्यार्थ्याने ती काठी पाहिली; बोलला काही नाही. थोडे अंतर गेल्यावर म्हणाला, "सर, ती गाडीत ठेवूया का? हातात असली की वापरावीशी वाटते."

पहिला धडा कानांचा होता. आम्हाला जो एकच गोंगाट वाटत होता, त्यातले निरनिराळे आवाज त्याने वेगळे करून दाखवले. प्रत्येक जातीच्या नराची हाक निराळी असते. मादी आपल्याच जातीची हाक ओळखून येते. झुडपातून लाकडावर नख आपटावे तसा टिकटिक आवाज येत होता. पंधरा मिनिटे शोधल्यावर पानावर बसलेला एक झुडुपी बेडूक दिसला, अंगठ्याच्या नखापेक्षा थोडा मोठा. गळ्याची पिशवी फुगली की अंगाएवढी होई. या गटातील बेडकांच्या पिलांना पाण्यातली शेपटीवाली अवस्थाच नसते. ओलसर जागी घातलेल्या अंड्यांतून थेट इवलासा बेडूक बाहेर येतो. आम्ही शाळेत बेडकाचे जीवनचक्र फळ्यावर चार चित्रांत काढताना आणि मुले ते पाठ करताना गेली तीस वर्षे पाहत आलो. येथे अर्धा इंचाच्या एका जीवाने ते चक्र मोडून ठेवले होते.

पुढे डबक्यावर वाकलेल्या फांदीला पांढऱ्या फेसाचा गोळा लटकत होता. ते मलबारी उडत्या बेडकाचे घरटे. हिरवागार बेडूक, बोटांमध्ये तांबडे पडदे. ते पसरून तो झाडावरून तरंगत खाली उतरतो. अंडी फेसात ओली राहतात आणि पिले बाहेर आली की खालच्या पाण्यात टपाटप पडतात. खाली डबके नसेल तर सगळे व्यर्थ. म्हणून रस्ता रुंद करताना कडेची डबकी बुजवली जातात, तेव्हा काय बुजते, हे फेसाचा गोळा पाहिल्याशिवाय कळत नाही.

त्या रात्रीचे खरे वैभव जांभ्याच्या कातळावर होते. पहिल्या पावसाने कातळावरच्या खळग्यांत चार बोटे पाणी साठलेले, आणि त्यात अंगाच्या दोन्ही बाजूंना वाघासारखे पिवळे पट्टे असलेले छोटे भेक. आंबोलीचा हा भेक शास्त्राला स्वतंत्र जात म्हणून २००९ साली ठाऊक झाला. त्याचा जवळचा नातलग कोयनेच्या खोऱ्यातला. त्याची नोंद १९६३ सालची. आंबोलीच्या भेकाला नामशेष होण्याचा अत्यंत मोठा धोका आहे, असे आंतरराष्ट्रीय यादी सांगते. अशा प्राण्याची वीण चार बोटे पाण्यात व्हावी आणि त्या पाण्याशेजारून पर्यटकांच्या मोटारी भरधाव जाव्यात! त्या रात्री रस्त्यावर चिरडलेले बेडूक मोजायचे आम्ही ठरवले होते. काही वेळाने मोजणे सोडून दिले.

परतताना विद्यार्थ्याने एकाएकी हात आडवा धरला. चार फुटांवर करवंदीच्या जाळीत मलबारी चापडा बसला होता. आम्ही त्याला आधी पाहिलेच नव्हते. शेवाळल्या फांदीचाच भाग वाटला. याच जातीत हिरवे, तपकिरी, पिवळे असे अनेक रंग सापडतात. डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्ये एक खाच असते. तिने त्याला उबदार प्राण्याची उष्णता अंधारातही जाणवते. एकदा जागा धरली की तो दिवसेंदिवस तिथेच भक्ष्याची वाट पाहतो. समोर एक पान आडवे येत होते आणि छायाचित्र बिघडत होते. आम्ही म्हणालो, "ते पान जरा बाजूला कर." तो म्हणाला, "नको सर. त्याची बैठक मोडेल. आपण सरकू." आम्ही सरकलो, चिखलात गुडघे टेकले आणि दहा मिनिटांनी छायाचित्र मिळाले. दुसऱ्या रात्री गेलो तेव्हा चापडा त्याच फांदीवर होता. पानही जागच्या जागी होते.

छायाचित्रणाची तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो. जवळचे बारीक टिपणारे मॅक्रो भिंग असले तर उत्तम. नसले तर साधा मोबाइलही पुरतो. फ्लॅशसमोर पांढरा कागद किंवा कापड धरावे, म्हणजे ओल्या त्वचेवर चकाकी येत नाही. डोळा स्पष्ट आला पाहिजे. परंतु सुंदर छायाचित्र आणि उपयोगी छायाचित्र या दोन गोष्टी निराळ्या आहेत. उपयोगी छायाचित्रात डोक्याची बाजू, पाठीवरचे खवले आणि पूर्ण शरीर दिसते आणि त्याबरोबर तारीख, वेळ, जागा लिहिलेली असते. शिलालेखाचा ठसा घेताना तो कोठून घेतला हे लिहिले नाही, तर तो केवळ काळा कागद उरतो. तसेच हे.

अशा नोंदींनी काय साधते, याचे एक उदाहरण द्यावेसे वाटते. २०२० च्या टाळेबंदीत हिमाचल प्रदेशातील चंबा जिल्ह्यातला एक विद्यार्थी शिक्षण थांबल्यामुळे गावी परतला होता. घराच्या आसपास दिसणाऱ्या सापांची छायाचित्रे तो इन्स्टाग्रामवर टाकत असे. त्यातल्या एका कुकरी सापाच्या छायाचित्रावर एका अभ्यासकाची नजर पडली, तपासणी झाली आणि २०२१ साली ती शास्त्राला अपरिचित असलेली जात म्हणून प्रसिद्ध झाली. शोधनिबंधाच्या लेखकांत त्या विद्यार्थ्याचे नाव आहे. बरणीवरच्या चिठ्ठीचा जो उल्लेख वर केला, त्याच्याशी हे ताडून पाहावे.

छंदाला रात्रच लागते असेही नाही. सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडीच्या पठारावर मे महिन्याच्या उन्हात गळ्याखाली पंखा असलेले सरडे दिसतात. नर दगडावर चढून निळा, काळा, नारिंगी पंखा उघडतो आणि मिटतो. माद्यांना बोलावणे आणि दुसऱ्या नरांना दटावणे ही दोन्ही कामे त्यातून होतात. २०१६ साली या सरड्यांचा स्वतंत्र गट ठरवताना शास्त्रज्ञांनी त्याला आपला मराठी शब्दच दिला : 'सरडा'. याच पठारावर पवनचक्क्या आहेत. तेथे झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्षी कमी झाले, म्हणून सरडे वाढले. भीती कमी झाल्याने ते माणसाला अधिक जवळ येऊ देऊ लागले आणि त्यांच्या पंख्याचे रंगही फिके पडले. घारी-ससाण्यांना पिटाळणारे पाते जमिनीवरच्या सरड्याचा रंग उतरवते, ही कार्यकारणाची साखळी आम्ही नववीच्या वर्गात सांगितली, तेव्हा त्या दिवशीचा इतिहासाचा तास त्यातच संपला.

या छंदाला काही बंधने आहेत आणि ती कडक आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येत केवळ मारणे येत नाही. पकडणे आणि पकडण्याचा प्रयत्नही त्यात येतो. असे असताना गावोगावी काही उत्साही तरुण साप गळ्यात घालून, त्याचा मुका घेऊन चित्रफिती काढतात आणि स्वतःला सर्पमित्र म्हणवतात. वस्तीत शिरलेला साप वनखात्याला कळवून, नियमाने सुरक्षित जागी सोडणारे खरे कार्यकर्ते वेगळे; त्यांचे आमच्यावर उपकार आहेत. पहिल्या प्रकारातली मुले मात्र दरवर्षी दंश होऊन मरतात, आणि ती बहुधा आपल्याच वस्त्यांतली असतात. टाळ्या वाजवणारे दुसऱ्या दिवशी अंत्ययात्रेला येतात. गारुड्याच्या टोपलीतला अंधविश्वास जाऊन मोबाइलच्या पडद्यावरचा पराक्रम आला, एवढाच काय तो फरक.

बेडकांनाही हात लावू नये. त्यांची त्वचा पाणी आणि हवा शोषते. आपल्या हातावरचे औषध, मलम, मीठ थेट आत जाते. बेडकांना मारणारा एक बुरशीजन्य रोग जगभर पसरला असून ती बुरशी सह्याद्रीतही सापडली आहे. म्हणून एका ठिकाणचा चिखल दुसऱ्या ठिकाणी नेऊ नये, बूट धुऊन कोरडे करावेत. आणि दुर्मीळ प्राण्याची नेमकी जागा चारचौघांत सांगू नये. मांडुळाला 'दुतोंड्या' म्हणून गुप्तधनाच्या आशेने लाखोंचे सौदे करणाऱ्या टोळ्या महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा पकडल्या गेल्या आहेत. छायाचित्राबरोबर मोबाइल आपोआप जागा नोंदवतो; ते छायाचित्र पुढे पाठवण्यापूर्वी ती नोंद काढून टाकावी.

आता पुन्हा मण्यार आणि कवड्याकडे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार. त्यातले बहुतेक खेड्यातले, शेतात राबणारे, जमिनीवर झोपणारे. मण्यार रात्री फिरते. तिचा दंश पुष्कळदा जाणवतही नाही. पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, जीभ जड होते आणि घरचे देवऋषी शोधत बसतात. मंत्र, जखम चिरणे, दोरी आवळणे यांत वेळ दवडू नये. हात किंवा पाय हलू न देता थेट दवाखाना गाठावा. साप पकडून बरोबर नेण्याची गरज नाही. आपल्याकडचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर चालते. चापड्यावर ते चालत नाही, हे आंबोलीला जाणाऱ्या हौशी मंडळींनी ध्यानात ठेवावे.

मण्यार काळी, चकचकीत; पांढरे बारीक पट्टे जोडीजोडीने, मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक. पाठीच्या मध्यावरचे खवले मोठे, षट्कोनी. कवड्याचे नेमके उलटे : मानेकडे ठळक, शेपटीकडे पुसट. पण येथे एक सावधगिरी हवी. मण्यारीच्या पिलांत पट्टे मानेपासूनच स्पष्ट असू शकतात. म्हणून शंका असेल तेथे मण्यारच समजून दूर राहावे, काठीही उचलू नये आणि ओळखही ठोकून देऊ नये.

आंबोलीहून परतल्यावर आम्ही शाळेत एक नोंदवही ठेवली. आवारात दिसलेला प्रत्येक साप, बेडूक, पाल, सरडा त्यात लिहायचा; दूरून छायाचित्र काढायचे; हात लावायचा नाही. छायाचित्रे आमच्या त्या माजी विद्यार्थ्याकडे जातात आणि त्याचे उत्तर समोरच्या रकान्यात लिहिले जाते. वसतिगृहात आता खाटा आहेत आणि मच्छरदाण्या गादीखाली खोचलेल्या असतात. गेल्या पावसाळ्यातली, सातवीतल्या एका मुलीच्या अक्षरातली नोंद अशी आहे : 'रात्री ९.१०. मुलींच्या वसतिगृहामागील पायरी. लांबी वीतभर. काळा, पांढरे पट्टे मानेपासून. कवड्या?' प्रश्नचिन्ह तिचेच. समोरच्या रकान्यात उत्तर आहे : 'मण्यार, पिल्लू. वनखात्याला कळवले. ९.५० ला नेले. कोणीही जवळ गेले नव्हते.'